आचलच्या पोटाचा पहारा

धान हवं असलं तर रोपांचा रोवणा करावा लागते, खत टाकावं लागते, पाण्याची वाट पाहावी लागते. गवताला असं काही लागत नाही. ते आपलं आपण उगवते. पथ्याच्या घरात किस्से तसेच उगवतात. कोणी लावत नाही, पण कापून संपत नाहीत! आमच्या घरी पथ्य सुरू झालं वैशाखात, आणि पोळ्यापर्यंत इतके किस्से जमले की शेतात कंबर वाकवली की बायका मला म्हणायच्या, "हं, सांग वं, आज आचलच्या पोटात काय झालं?" जसं काही पोटात नाटकच लागलं आहे, अन् रोज नवा अंक!

आचल माझी पोरगी. आठ वर्षांची, तिसरीत आहे. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात, सावली गावाजवळच्या खेड्यात राहतो. घरी मी, आचल, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मामंजी म्हणजे सासरे. आचलचे बाबा ऊर्जानगरला ठेकेदाराकडे फिटर आहेत, रविवारी घरी येतात. मी सातवी शिकलेली आहे, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

उन्हाळ्यात पोरीच्या शीमधून रक्त जाऊ लागलं. दिवसातून सात-आठ वेळा पळायची. काडीसारखी झाली. चंद्रपूरच्या पोटाच्या डॉक्टर मॅडमनं दुर्बीण टाकून पाहिलं आणि सांगितलं, मोठ्या आतड्याला सूज आहे, आतून जखमा आहेत. जुनाट दुखणं आहे, पण काबूत ठेवता येते. वजन भरलं सतरा किलो. मॅडम म्हणाल्या, "दिवाळीनंतर रक्त थांबलेलं पाहिजे आणि वजन वीसवर गेलेलं पाहिजे. मग ह्याच गोळ्यांवर राहू. नाही तर नागपूरला भरती करून इंजेक्शनं द्यावी लागतील."

त्या दिवसापासून वीस हा आकडा माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला.

*

पहिल्याच दिवशी मी मॅडमला म्हटलं, "मला यादी द्या जी. काय खाऊ घालायचं आणि काय नाही, सगळं लिहून द्या. मी भिंतीवर चिकटवते."

मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांना लागू पडेल अशी यादीच नसते. एकाला दूध सोसत नाही, दुसऱ्याला सोसते. सध्या मऊ, शिजलेलं, कमी तिखट द्या. गोळी एक दिवसही चुकवू नका. आणि एक वही करा. काय खाल्लं आणि पुढे काय झालं, रोज लिहा. तिचं पोटच तुम्हाला यादी देईल."

यादी नाही म्हटल्यावर मी खुर्चीवरून उठेना. मी विचारू लागली. भात देऊ? द्या. मुगाचं वरण? द्या. अंडं? द्या. केळ पिकलेलं की कच्चं? पिकलेलं. लौकी? सोलून, शिजवून. लौकी कोणत्या बाजूनं सोलू? मागे पेशंटची लाइन लागली होती. शेवटी मी विचारलं, "मॅडम, पाणी देऊ?"

मॅडमनं पेन खाली ठेवला. "पाणी द्या. आणि जाताना बाहेर माठ आहे, आधी तुम्ही एक ग्लास प्या!"

*

आता आत्याबाई. आमच्याकडे भाजी जिभेला चटका देत नसेल तर तिला भाजी म्हणत नाहीत, आजाऱ्याचं खाणं म्हणतात. आत्याबाईंनी जन्मात बिनमिरचीचं वरण पाहिलं नव्हतं. मी शेतात गेली की स्वयंपाक त्यांच्याकडे. मी हात जोडून सांगितलं, "आत्याबाई, मिरची नाई. बिलकुल नाई."

"नाई टाकत वं. मी काय दुश्मन हाये का नातीची?"

संध्याकाळी आचल जेवायला बसली. पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून धारा! नाक लाल, कान लाल.

मी म्हटलं, "आत्याबाई, मिरची टाकली!"

"कुठी हाये मिरची? दाखव मले!" त्यांनी वरणात पळी फिरवून दाखवली. खरंच मिरची नव्हती.

"मग एवढं झणझणीत काऊन?"

आत्याबाईंनी पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दोनच टाकल्या होत्या, वासापुरत्या. उकळी आली तशा काढून टाकल्या. पाव्हणीवानी आल्या अन् चालल्या गेल्या. आता गेलेल्या पाव्हणीचं नाव काऊन घेते तू?"

आचल तांब्याभर पाणी प्याली, आणि हुंदका गिळून म्हणाली, "आजी, पाव्हणी गेली, पन तिची पिशवी इथीच इसरली!"

*

मी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आचलच्या हातावर काही ठेवायचं नाही. ती काही खाताना दिसली तर मला सांगायचं. बस, एवढं म्हणायचीच देर! आमच्या गल्लीला कामच मिळालं. पोरीच्या पोटावर पहारा बसला.

आषाढात रोवण्याचे दिवस होते. मी गुडघाभर चिखलात. इतक्यात शेताच्या धुऱ्यावरून आमची शेजारीण वच्छलाबाई ओरडली, "अवं ये! आचलनं जांभूळ खाल्लं वं!"

माझ्या हातातली धानाची जुडी सुटली. मी तशीच चिखलाच्या पायांनी घरापर्यंत पळाली. आचल ओसरीवर बसली होती. जीभ जांभळी, तोंड चोराचं.

"किती खाल्ले?"

"एक."

वही काढली. लिहिलं, जांभूळ, एक. आता पाहायचं काय होते ते. मी समोर बसली. आत्याबाई बसल्या. वच्छलाबाई बसली. ती आली म्हणून तिची जाऊ आली. आम्ही चार बाया आचलच्या पोटाकडे टक लावून पाहत होतो. जशी खुडूक कोंबडी आता उठेल, मग उठेल!

अर्ध्या तासानं आचल वैतागली. "तुम्ही अशा पाहून राह्यल्या तं ते काईच करनार नाई. त्याले लाज वाटते!"

संध्याकाळ झाली, काही नाही. दुसरा दिवस गेला, काही नाही. माझ्या जिवात जीव आला. मी वहीत लिहिलं, 'जांभूळ, एक, चालते.'

आचल खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "एक नाई आई, सात. वच्छला काकूनं मले पाह्यलं तेव्हा सातवं होतं."

*

वहीचा किस्सा तर शाळेत गाजला. आचलच्या सगळ्या वह्यांना मी एकाच खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं, पथ्याच्या वहीलाही. एक दिवस घाईत मराठीच्या वहीऐवजी पथ्याची वही दप्तरात गेली, आणि गुरुजींच्या टेबलावर गृहपाठाच्या ढिगात जाऊन बसली!

मला कळलं दुपारी. मी कपाळाला हात लावला. कारण त्या पानावर काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. 'सकाळी पेज एक वाटी. शी दोन वेळा. पहिली पातळ, दुसरी बरी. रंग हिरवट, रात्री पालक होता. रक्त नाही. देवा तुझे उपकार.'

शाळा सुटायच्या आधीच मी फाटकाशी जाऊन उभी राहिली. म्हटलं, गुरुजी दिसले तर तोंड कुठे लपवू? आचल नाचत आली. वही हातात दिली. गुरुजींनी लाल पेनानं पूर्ण पान तपासलं होतं. 'शी'खाली रेघ नाही, रक्ताखाली रेघ नाही. खाली शेरा होता.

'मजकूर स्पष्ट आहे. अक्षर सुधारावे.'

त्या दिवसापासून मी रोज गिरवून लिहिते. सातवीत असताना लिहिलं नाही असं अक्षर आता आलं आहे.

*

चंद्रपूरला दर महिन्याला दाखवायला जावं लागते. दवाखान्याबाहेर एक बाकडं आहे. तिथे सलीमचाचा भेटतात. बाजारात त्यांचं शिंप्याचं दुकान आहे. आचलला आहे तेच दुखणं त्यांना बारा वर्षांपासून. आचलशी त्यांची दोस्ती. दोघं बसून एकमेकांना विचारतात, "आज कितने बार?" आणि बोटं दाखवतात. ज्याची बोटं कमी तो जिंकला!

भादव्यात आचलचं रक्त थांबलं. मी बाकड्यावर चाचांना म्हटलं, "चाचा, पथ्यानंच गुण आला. आता मॅडमला विचारते, गोळ्या बंद करू का म्हणून. एवढ्या लेकराला किती दिवस गोळ्या द्यायच्या?"

चाचा म्हणाले, "बेटी, ये गलती मैं कर चुका. ऐक. पेज खाऊन खाऊन माझं पोट असं शांत झालं, मी म्हटलं आता गोळी कायले? दिली बंद करून. तिसऱ्या हप्त्यात एका नवरदेवाचा कोट हातात होता. एक बाही लावली, पळालो. परत आलो, दुसरी उचलली, फिर भागा. दुसरी ठेवली, आलो, उचलली, फिर भागा! तिकडे वरात दुकानासमोर येऊन उभी. बँडवाल्याचे गाणे संपले, तो पहिल्यापासून वाजवून राह्यला. नवरदेवाचा मामा मेरे संडास के दरवाजे पे, 'मास्टर, बाही! मास्टर, बाही!'"

"मग?" आचलनं विचारलं.

"मग काय! एका बाहीनं बसला बिचारा घोड्यावर. दुसऱ्या हातावर शाल. आज बी शादी की फोटो में देखो, त्याचा एकच हात दिसते!"

आचल हसून हसून बाकड्यावरून घसरली. चाचा माझ्याकडे वळले. "खानं म्हणजे शिलाई, बेटी. गोळी म्हणजे कापड. कापडच नाई तं शिवशील काय?"

आमचा नंबर आला. मी आत गेली. मॅडमनं विचारलं, "काही विचारायचं आहे?"

मी म्हटलं, "नाही जी. गोळ्या संपत आल्या, लिहून द्या."

*

गणपतीच्या महाप्रसादाला अख्खं गाव पंगतीत बसते. मोठाल्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वांग्याची भाजी, वर बोटभर तर्री. मी आचलचा डब्बा घरूनच नेला. मऊ भात, मुगाचं वरण, लौकीची भाजी. पोरगी हिरमुसली. सगळ्यांच्या पत्रावळीवर लालबुंद, हिच्या पत्रावळीवर पांढरं-पिवळं.

तिच्या शेजारी गोविंदा आजोबा बसले होते. ऐंशीचे असतील. ते आपली भाजी सोडून आचलच्या भाताकडे पाहू लागले.

"बाई, तुहा भात भलता मऊ दिसते वं."

आचलनं विचारलं, "आजोबा, तुमचं बी आतडं सुजलं का?"

"नाई वं माय. माह्ये दातच गेले!"

आचलनं अर्धा भात त्यांना वाढला. त्यांनी बुंदी पुढे केली. मी डोळे वटारले, तशी तिनं परत केली.

पुढे नवरात्रात शारदेचा महाप्रसाद आला. मी डब्बा घेऊन गेली तर स्वयंपाकी म्हणतो, "डब्बा ठेवा बाई, आचलचा गंज वेगळा चढवला आहे." मी पाहिलं, मोठा गंजच होता. एका पोरीसाठी एवढा? तर मांडवाच्या कडेला एक वेगळी पंगत बसली होती. गावातले बिनदाताचे सगळे म्हातारे-म्हाताऱ्या, एका ओळीत, चौदा जण! मधोमध आचल. आणि गोविंदा आजोबा उठून वाढणाऱ्याला दटावत होते, "पयले आचलले वाढ. आम्ही तिच्या गोतातले हावोत!"

*

वजनाचं काम मामंजींकडे. आमच्या गावाबाहेर राईस मिल आहे, तिथे धानाचं पोतं मोजायचा काटा. मामंजी दर शुक्रवारी आचलला आंघोळ घालून, केस विंचरून तिथे न्यायचे, आणि चिठ्ठीवर वजन लिहून आणायचे. अठरा. अठरा किलो चारशे. एकोणीस. चिठ्ठी आली की मी देवाजवळ ठेवायची.

दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते. चिठ्ठी आली, अठरा किलो सहाशे!

 एका आठवड्यात चारशे ग्रॅम कमी! मी वही घेऊन बसली. काय चुकलं? अंडं? भोपळा? पुन्हा पुन्हा पानं उलटली. मी आचलच्या बाबांना फोन लावला, पण रडण्यात बोलताच येईना. त्यांनी एवढंच ऐकलं, 'चारशे गेले.' ते ड्युटीवरून सुट्टी मागून, कामाच्या कपड्यांतच गाडीवर निघाले. आचल अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती, ती पाहून त्यांना काहीच समजेना.

"हे तं नाचून राह्यली! गेलं काय मंग?"

मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी आचलला गाडीवर बसवलं, मामंजींना मागे, आणि गेले मिलवर. काट्यावर नवा माणूस आला होता. त्यानं आचलला उभं केलं, आकडा पाहिला आणि लिहिलं, अठरा किलो सहाशे.

आचलचे बाबा म्हणाले, "काट्यावर तं एकोणीस दोनशे दिसून राह्यलं, भाऊ!"

"हो ना. सहाशे ग्रॅम बारदान्याचे कापले."

"कोणता बारदाना?"

तो माणूस आचलकडे पाहू लागला. आचल त्याच्याकडे. रोज शेकडो पोती मोजायची, प्रत्येकाच्या वजनातून रिकाम्या पोत्याचं वजन कापायचं, तसंच त्यानं पोरीचंही कापलं होतं! म्हणजे पोरगी घटली नव्हती, दोनशे ग्रॅम वाढली होती!

घरी आल्यावर मला हसावं की रडावं समजेना. मामंजी मात्र शांतपणे पगडी काढत म्हणाले, "बरं झालं, त्यानं धानावानी ओलावा नाई कापला. पोरगी सकाळी नुकतीच आंघोळ करून गेलती!"

*

दिवाळी झाली, मंडईची जत्रा झाली, आणि चंद्रपूरला जायचा दिवस आला. बसमध्ये मी पिशवी मांडीवरच धरून बसली. पिशवीत वही, फाईल, रक्ताचा रिपोर्ट, आणि नागपूरला जावंच लागलं तर म्हणून दोघींचे दोन-दोन कपडे. आचलला कपड्यांचं सांगितलं नव्हतं.

मॅडमनं रिपोर्ट पाहिला. मान हलवली. मग म्हणाल्या, "चल, काट्यावर."

आचल चढली. मी डोळे मिटले.

"वीस किलो शंभर!"

मी डोळे उघडले, पण मला आकडा दिसेना, सगळं पाण्यात दिसायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "नागपूर नको. ह्याच गोळ्या चालू, खाणं असंच चालू. छान सांभाळलं तुम्ही. वही द्या पाहू."

त्या पानं उलटत गेल्या. हसत होत्या, मध्येच टिक करत होत्या. शेवटी त्यांनी वही फिरवली. मागच्या बाजूनं, उलटीकडून, पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं होतं. मला त्याची खबरच नव्हती. मॅडम मोठ्यानं वाचू लागल्या.

'पेशंटचे नाव: आई.
सोमवार. सकाळी: अर्धा कप चहा. दुपारी: माझ्या ताटात उरलेला भात. संध्याकाळी: भूक नाही म्हणाली.
पोट दुखते का, असं मला विचारलं: अकरा वेळा.
रडली: एक वेळ. चुलीचा धूर गेला म्हणाली. चूल बंद होती.
मंगळवार. सकाळी: चहा. दुपारी: काही नाही, शेजारच्या काकूला जेवली म्हणून सांगितलं.
पोट दुखते का: चौदा वेळा.'

खाली प्रत्येक दिवसाच्या 'पोट दुखते का'समोर बारीक उभ्या रेघा होत्या, एकदा विचारलं की एक. पानभर.

मॅडमनं चश्मा काढला. माझ्याकडे पाहिलं. "चढा," म्हणाल्या.

"मी काऊन, मॅडम? मी तर चांगली आहे."

"चढा काट्यावर."

मी चप्पल काढून चढली. मॅडमनं आकडा पाहिला आणि 'पेशंटचे नाव: आई'समोर लिहून ठेवला. आचल टेबलाला टेकून उभी होती, एकदम गप्प.  मी काट्यावरूनच विचारलं, "काऊन वं आचू, चूप झाली? पोट दुखून राह्यलं का?"

आचलनं मॅडमच्या हातातून वही घेतली, त्यांचाच पेन घेतला, आणि एक रेघ ओढली.